शालेय ग्रंथालय आणि महाविद्यालयाचा उंबरठा

(पंडरी, रायपूर येथे कामगार, शिक्षक व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रायपूर शहरात पंडरी म्हटले की प्रथम डोळ्यांपुढे येतो तो कापडबाजार. सुरत, भिवंडी, अहमदाबाद येथून आलेल्या कापडाच्या गाठी येथे उतरतात, आणि येथून त्या छत्तीसगडच्या खेडोपाडी जातात. या व्यापारातून कोणाच्या तिजोऱ्या भरल्या हे सांगण्याची गरज नाही. गाठी पाठीवर वाहणारा हमाल, दिवसभर उभे राहून थान उलगडून दाखवणारा दुकानातील नोकर, शिलाई यंत्रावर डोळे फोडणारा शिंपी, रिक्षावाला, हातगाडीवाला यांच्या श्रमावर हा बाजार उभा आहे. पंडरीचे जुने बसस्थानक २०२१ मध्ये भाटागावला हलले. त्या गर्दीवर ज्यांची चूल पेटत होती त्यांना नवा धंदा शोधावा लागला. बाजार मात्र आहे तेथेच आहे, आणि त्याच्या मागच्या गल्ल्यांत राहणाऱ्या कष्टकऱ्यांची मुले आज शाळेत जात आहेत.

ही मुले बारावीपर्यंत पोहोचू लागली, ही गोष्ट लहान नाही. त्यांच्या आजोबांना अंगठा उठवावा लागत होता. परंतु बारावी उत्तीर्ण होणे आणि महाविद्यालयात टिकून राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेशाचा अर्ज भरता येतो, जातीचा व उत्पन्नाचा दाखला मिळवता येतो, शिष्यवृत्तीही पदरात पडते. तरीही पहिल्या वर्षीच कित्येक मुले मुकाट्याने वर्ग सोडतात. समाज म्हणतो, मुलगा हुशार नव्हता. मुलगाही तेच खरे मानू लागतो. हा निष्कर्ष खोटा आहे. महाविद्यालयाला लागणारी तयारी त्याला कोणी दिलेलीच नव्हती, आणि जेथे ती मिळाली असती ती जागा त्याच्या शाळेत एक तर नव्हती किंवा कुलपात होती. ती जागा म्हणजे शाळेचे ग्रंथालय.

तयारी म्हणजे काय?

महाविद्यालयाची तयारी म्हणजे अधिक गुण, अशी समजूत रूढ आहे. ती तपासून पाहिली पाहिजे. शाळेत प्रत्येक विषयाला एकच पाठ्यपुस्तक असते. प्रश्न त्याच्यातून येतो आणि उत्तरही त्याच्यातच असते. पाठ्यपुस्तकाशेजारी गाइड असते, त्यात उत्तर तयारच छापलेले असते. बारा वर्षे मुलाला अशी सवय लागते की ज्ञान एका पुस्तकात बंदिस्त आहे आणि ते पाठ करणे म्हणजे शिकणे. महाविद्यालयात मात्र प्राध्यापक एका विषयाची पाचसहा पुस्तके सांगतो आणि निघून जातो. कोणते पान वाचायचे हे तो सांगत नाही. त्या पुस्तकांत एकाच घटनेविषयी दोन लेखकांची दोन मते असतात. तेव्हा एका पुस्तकावर वाढलेला विद्यार्थी गोंधळतो, कारण कोणते मत पाठ करावे हेच त्याला कळत नाही.

म्हणून तयारीचा खरा अर्थ काही साध्या, हाताने शिकाव्या लागणाऱ्या गोष्टींत आहे. अनुक्रमणिका पाहून पुस्तकाचा आवाका ओळखणे; शेवटच्या सूचीवरून हवा तो विषय नेमका गाठणे; शब्दकोशात एका शब्दाचे चार अर्थ सापडले तर संदर्भाला जुळणारा कोणता हे ठरवणे; विश्वकोशातील नोंद वाचून तिच्यावरून पुढच्या पुस्तकाकडे जाणे; वाचलेले स्वतःच्या शब्दांत टिपून ठेवणे; आणि दोन पुस्तके परस्परविरोधी बोलू लागली की पुरावा कोणाच्या बाजूने आहे हे पाहणे. या गोष्टी फळ्यावर लिहून शिकवता येत नाहीत. पोहणे जसे पाण्यात, तसे हे पुस्तकांमध्ये राहूनच येते. वर्गाचा तास अभ्यासक्रमाच्या घोड्यावर बसून धावत असतो. त्याला एवढी सवड नसते. ही सवड ज्या एका जागेत आहे ती ग्रंथालयाची.

यात भाषेचा प्रश्न आणखी गुंतागुंत करतो. पंडरीच्या मुलाची घरची बोली छत्तीसगढी, शाळेचे माध्यम हिंदी, आणि विज्ञान, वैद्यक किंवा अभियांत्रिकीच्या वर्गात पाय ठेवताच समोर येणारे पुस्तक इंग्रजी. रायपूरच्या मराठी घरांतील मुलांची स्थिती फारशी निराळी नाही. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि परीक्षेत इंग्रजी. वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषेचा आयोग भारत सरकारने १९६१ मध्ये नेमला, त्याने पारिभाषिक शब्दांचे कोश तयार केले. मराठीत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला विश्वकोश उभा राहिला. परंतु कोश सरकारी गोदामात असणे आणि अकरावीच्या मुलाच्या हाताला लागणे यांत फार अंतर आहे. ज्या मुलाने शाळेतच द्विभाषिक कोश वापरला आहे, त्याला इंग्रजी पुस्तक कठीण वाटेल, पण परके वाटणार नाही. कठीण पुस्तकाशी झुंजता येते. परक्या पुस्तकापासून माणूस पळतो.

याहून साधी गोष्ट जागेची. एका खोलीत सहा माणसे राहतात. एका कोपऱ्यात स्वयंपाक, दुसऱ्यात दूरदर्शन संच, तिसऱ्यात शिलाई यंत्र. अशा घरात मुलीने रसायनशास्त्र वाचायचे कोठे? श्रीमंताच्या मुलाला अभ्यासाची खोली जन्माबरोबरच मिळते. कष्टकऱ्याच्या मुलीला ती शाळेनेच दिली पाहिजे. टेबल, दिवा, पंखा, शांतता आणि हाताशी पुस्तके एवढीच ती मागणी आहे.

राजकुमारांची शाळा आणि रयतेची शाळा

ज्ञानाची साधने कोणाच्या हाती असावीत हा प्रश्न वर्गीय आहे, आणि रायपूरचा इतिहास त्याची साक्ष देतो. मध्य प्रांतातील संस्थानिक व जमीनदार यांच्या मुलांसाठी इंग्रजांनी १८८२ मध्ये जबलपूरला राजकुमार कॉलेज काढले आणि १८९४ मध्ये ते रायपूरला आणले. इमारत, मैदाने, शिक्षक, पुस्तके यांपैकी कशाचीच तेथे वाण नव्हती. सामान्य रयतेसाठी रायपुरात पहिले महाविद्यालय, छत्तीसगढ कॉलेज, निघाले ते १९३८ मध्ये. राजपुत्रांची सोय होऊन चव्वेचाळीस वर्षे लोटल्यावर रयतेच्या मुलाला आपल्याच शहरात पदवीचा वर्ग दिसला. विद्यापीठ मिळायला १९६४ साल उजाडावे लागले.

त्या दीर्घ काळात ज्यांनी ज्ञान लोकांपर्यंत नेण्याचा प्रयत्न केला त्यांत माधवराव सप्रे यांचे नाव अग्रभागी येते. दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे १८७१ मध्ये जन्मलेल्या, रायपूरच्या शाळेत शिकलेल्या या मराठी माणसाने १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. ग्रंथांची परखड समीक्षा हे त्या मासिकाचे वैशिष्ट्य होते. पैशाअभावी ते तीन वर्षांतच बंद पडले. पुढे सप्रे यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. मराठी ग्रंथसंपदा हिंदी वाचकाच्या हाती देण्याचे हे काम त्यांनी आयुष्यभर केले. त्यांची वैचारिक बैठक पक्षाहून वेगळी होती. तरीही त्यांच्या कार्याचे मोल कमी होत नाही. पुस्तक लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या आवाक्यात आले पाहिजे, हे सूत्र त्यांनी या भूमीत रुजवले.

याच सुमारास दोन निराळ्या घटना घडत होत्या. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात सर्वत्र सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. आणि शाळेत शिकलेले पुढे पुस्तकांवाचून विसरले जाते हे ओळखून १९१० पासून विल्यम बॉर्डेन या अमेरिकन तज्ज्ञाच्या साहाय्याने गावोगाव ग्रंथालयांचे जाळे विणले. पेट्यांतून पुस्तके खेड्यांत पाठवणारी फिरती ग्रंथालये हा त्याचाच भाग. शिक्षण आणि ग्रंथालय या दोन स्वतंत्र बाबी नाहीत, हे एका संस्थानिकाला उमगले होते. स्वतंत्र भारताच्या शासकवर्गाला ते अजून उमगलेले नाही.

दुसरी घटना मुंबईतील. परळच्या चाळीत एका खोलीत राहणारा, एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणारा एक अस्पृश्य विद्यार्थी शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांची नजर त्याच्यावर गेली. त्यांनी त्याला पुस्तके दिली, वाचनाला दिशा दिली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, आणि पुढे महाविद्यालयाच्या खर्चासाठी सयाजीरावांकडून शिष्यवृत्ती मिळवून दिली. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर.

ही हकिकत सभांतून नेहमी सांगितली जाते, आणि बहुधा तिचे तात्पर्य ‘जिद्द असली की सर्व काही साधते’ असे काढले जाते. हे तात्पर्य अपुरे आहे. जिद्द तर होतीच. परंतु त्या बागेत केळुसकर येत होते हा योगायोग होता. त्याच काळी मुंबईच्या इतर बागांत, गिरण्यांच्या दारांत, महारवाड्यांत जिद्द असलेली किती मुले बसली होती, ज्यांच्या वाटेवर कोणी केळुसकर आला नाही, त्यांची मोजदाद कोणी केली? शालेय ग्रंथालयाचे सामाजिक प्रयोजन हेच आहे. एका मुलाला योगायोगाने मिळाले ते सर्व मुलांना हक्काने मिळावे, यासाठी ते असते. भला माणूस भेटण्याची वाट पाहावी लागू नये म्हणूनच समाजाला संस्था उभारावी लागते.

कुलूपबंद कपाट

आता वस्तुस्थिती पाहावी. माध्यमिक शिक्षणाची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये असे नोंदवले की देशातील बहुसंख्य शाळांत नाव घेण्याजोगे ग्रंथालयच नाही. पुस्तके जुनी व मुलांना निरुपयोगी आहेत. ती कोठेतरी कपाटांत ठेवलेली असतात. आणि त्यांची देखभाल एखादा कारकून किंवा उदासीन शिक्षक फावल्या वेळात करतो. प्रशिक्षित ग्रंथपाल नेमण्याचा आग्रह आयोगाने धरला होता. सात दशकांनंतर कोणत्याही सामान्य सरकारी शाळेत जाऊन पाहिले तर त्या अहवालातील शब्द बहुतांशी आजही लागू पडतात.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वृत्तपत्र, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे परिशिष्टात लिहिले. पण हा कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा आहे. नववी ते बारावी ही चार वर्षे, म्हणजे महाविद्यालयाची तयारी ज्या काळात व्हायची नेमका तोच काळ, त्याच्या बाहेर राहिला. आठवीपर्यंत कागदावर हक्क आहे. नववीपासून कागदावरही नाही.

२०१८ मध्ये समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी वार्षिक अनुदान ठरले. प्राथमिक शाळेला ५ हजार रुपयांपासून बारावीपर्यंतच्या मोठ्या शाळेला जास्तीत जास्त २० हजार रुपयांपर्यंत. हजार विद्यार्थ्यांची शाळा धरली तर डोईमागे वर्षाला २० रुपये होतात. याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवावा. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. उच्च शिक्षणसंस्थांना सुमारे तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची संशोधनपत्रे मिळावीत म्हणून तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये. सरकारच्याच सांगण्यानुसार लाभार्थी १ कोटी ८० लाखांच्या घरात. म्हणजे डोईमागे वर्षाला सुमारे ११०० रुपये. संशोधनपत्रे अनावश्यक आहेत असे कोणीही म्हणणार नाही. ती संशोधकांना मिळालीच पाहिजेत. प्रश्न असा आहे की जो उंबरठा ओलांडून आत गेला त्याच्या वाचनासाठी ११०० रुपये, आणि जो उंबरठ्याबाहेर उभा आहे त्याच्यासाठी २० रुपये, हे प्रमाण कोणत्या न्यायाने ठरले? बड्या प्रकाशकांचा हात दिल्लीपर्यंत पोहोचतो. पंडरीच्या शाळेतील मुलीचा पोहोचत नाही.

सरकारी आकडेवारीत मात्र चित्र गोजिरे दिसते. शाळांच्या राष्ट्रीय माहितीसंकलनात ग्रंथालय, पुस्तक पेढी आणि वाचन कोपरा या तिन्ही गोष्टी एकाच रकान्यात मोजल्या जातात. वर्गाच्या कोपऱ्यात दोरीवर टांगलेली दहा चित्रपुस्तके आणि पाच हजार ग्रंथांचे दालन हे दोन्ही ‘सुविधा उपलब्ध’ या एकाच खुणेत बसतात. खूण झाली की जबाबदारी संपली.

सर्वांत मोठी उणीव माणसाची आहे. केंद्रीय विद्यालयांत आणि नवोदय विद्यालयांत ग्रंथपालाचे पद असते. राज्यांच्या सामान्य शाळांत ते अपवादाने आढळते. महाराष्ट्रात माध्यमिक शाळांतील अर्धवेळ ग्रंथपालांनी पूर्णवेळ पदासाठी वर्षानुवर्षे निवेदने दिली, धरणे धरली. अर्धा पगार घेऊन पूर्ण शाळेची पुस्तके सांभाळणारा हा कर्मचारी शिक्षणखात्याच्या हिशेबात कायम उपरा राहिला. जेथे तोही नाही तेथे एखाद्या शिक्षकाकडे किल्ली दिली जाते. पुस्तक हरवले तर भरपाई आपल्या पगारातून होईल या धास्तीने तो कपाट उघडतच नाही. दोष त्या शिक्षकाचा नव्हे. पुस्तक वाचले गेले तर त्याला शाबासकी नाही, हरवले तर शिक्षा आहे. अशा व्यवस्थेत कुलूप हाच शहाणपणा ठरतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयातून दिल्या-घेतल्या जाणाऱ्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची हानी स्वाभाविक मानली आहे. हाच नियम प्रत्येक राज्याने शाळांना स्पष्ट शब्दांत लागू केला, तर किती कपाटांची कुलपे एका दिवसात निघतील.

छत्तीसगडमध्ये २०२० पासून स्वामी आत्मानंद यांच्या नावाने सरकारी इंग्रजी शाळा सुरू झाल्या. त्यांना प्रयोगशाळा व ग्रंथालये देण्यात आली, आणि प्रवेशासाठी पालकांची रीघ लागली. सरकारी शाळा चांगली असेल तर लोक तिच्याकडे पाठ फिरवत नाहीत, हे यावरून सिद्ध झाले. परंतु निवडक शाळांना ग्रंथालय आणि उरलेल्यांना कपाट, अशी वाटणी म्हणजे राजकुमार कॉलेजचीच सुधारलेली आवृत्ती होय. पुढे २०२५ मध्ये राज्यात युक्तियुक्तकरणाच्या नावाखाली दहा हजारांहून अधिक शाळांचे एकत्रीकरण करण्यात आले. बहुतेक शाळा एकाच आवारातील होत्या असे शासन सांगते. तसे असेल तर एकत्र झालेल्या शाळांची पुस्तके, खोल्या व अनुदान एकत्र करून प्रत्येक आवारात खरेखुरे ग्रंथालय का उभे राहू नये, या प्रश्नाचे उत्तर शासनाने द्यावे.

खुर्चीचे भाडे

जेथे सार्वजनिक सोय माघार घेते तेथे बाजार शिरतो. आज उत्तर व मध्य भारतातील शहरांत गल्लोगल्ली ‘लायब्ररी’ अशी पाटी दिसते. आत गेल्यास पुस्तक बहुधा दिसत नाही. लाकडी आडोसे घातलेल्या खुर्च्या, वातानुकूलन, इंटरनेट आणि मासिक भाडे. मुले आपली पुस्तके आपणच घेऊन येतात. मालक विकतो ती केवळ शांतता आणि बसण्याची जागा. ग्रंथालय या शब्दातून ग्रंथ वजा केला आणि शिल्लक राहिले ते भाडे. भांडवलदारी व्यवस्था माणसाच्या साध्या गरजेचे रूपांतर विक्रीच्या वस्तूत कसे करते याचा याहून बोलका दाखला शोधावा लागणार नाही. त्यापलीकडे शिकवणीवर्गांचा बाजार आहे. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षा होत्याच; २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवीप्रवेशासाठीही सामायिक परीक्षा आली. प्रत्येक नव्या परीक्षेबरोबर शिकवणीचा नवा धंदा उभा राहतो. ज्या मागील प्रश्नपत्रिका शाळेच्या ग्रंथालयात फाइल करून ठेवता आल्या असत्या, त्यांचेच गठ्ठे हजारो रुपयांच्या ‘अभ्यास साहित्यात’ बांधून विकले जातात.

रायपुरात शासनाने २०१८ मध्ये नालंदा परिसर हे दिवसरात्र खुले राहणारे वाचनकेंद्र उभारले. तेथे रात्रीच्या प्रहरी अभ्यास करणारी तरुण मुले पाहिली की ‘आजची पिढी वाचत नाही’ या तक्रारीला उत्तर मिळते. जागा मिळाली तर पिढी बसते. परंतु तेथे येतो तो प्रामुख्याने स्पर्धापरीक्षेचा उमेदवार, म्हणजे ज्याने शाळेचा टप्पा ओलांडला तो. पंधरा वर्षांची मुलगी रात्री पंडरीहून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ शकत नाही. तिची नालंदा तिच्या शाळेतच असली पाहिजे.

१९१३ च्या जुलै महिन्यात लेनिनने रशियन कामगारांच्या वृत्तपत्रात न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयावर एक छोटा लेख लिहिला. भांडवलशाही अमेरिकेतील एका संस्थेची त्याने मोकळ्या मनाने प्रशंसा केली. दुर्मीळ ग्रंथ किती जमवले यावर त्या ग्रंथालयाची प्रतिष्ठा अवलंबून नव्हती. किती पुस्तके लोकांच्या हाती फिरली, किती नवे वाचक आले, मुलांची किती सोय झाली यावर ती अवलंबून होती, हे त्याला महत्त्वाचे वाटले. झारशाहीत पुस्तके लोकांपासून जपली जात, ही त्याची बोच होती. क्रांतीनंतर क्रुप्स्काया हिने सोव्हिएत देशात ग्रंथालयांच्या उभारणीला आयुष्य वाहिले ते याच दृष्टीने. आणि केरळातील ग्रंथशाळा संघमला, १९४५ मध्ये पी. एन. पणिक्कर यांनी सुरू केलेल्या खेड्यापाड्यांतील वाचनालयांच्या चळवळीला, १९७५ मध्ये युनेस्कोचा सन्मान मिळाला तो क्रुप्स्कायाच्याच नावाचा होता. केरळची शाळा आणि केरळचे वाचनालय ही एकाच जनआंदोलनाची दोन अंगे आहेत.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप असा की मोबाइलमध्ये सर्व काही आहे, मग पुस्तकांचा खर्च कशाला? मोबाइलमध्ये पुष्कळ काही आहे हे खरे. मराठी विश्वकोश आज तेथे विनामूल्य वाचता येतो, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. परंतु घरात एकच मोबाइल असतो आणि तो बापाबरोबर कामावर जातो. शिवाय माहितीच्या पुरात खरे-खोटे पारखण्याची शक्ती तो मोबाइल देत नाही. ती शक्ती जेथे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याची सवय लागते तेथे येते. चांगल्या ग्रंथालयात संगणकही असतो आणि तो कसा वापरावा हे सांगणारा ग्रंथपालही असतो. म्हणून पुस्तक की यंत्र हा वाद खोटा आहे. वाद आहे तो दोन्हींपासून वंचित ठेवण्याविरुद्ध.

दुसरा आक्षेप : याचा उपयोग होतो याला पुरावा काय? अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात कीथ करी लान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शाळांत ग्रंथालयाचे कर्मचारी व ग्रंथसंग्रह समृद्ध होते तेथील मुलांचे वाचनगुण अधिक आढळले, आणि पालकांची गरिबी व शिक्षण यांचा हिशेब वेगळा केल्यावरही हा फरक टिकून राहिला. गरिबी आपोआप दूर होते असा याचा अर्थ नाही. पण गरिबीत वाढणाऱ्या मुलालाही चांगले ग्रंथालय हात देते, एवढे यातून निश्चित दिसते.

तिसरा आक्षेप पैशाचा. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करावेत असे सांगितले. त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक सरकारने तो आकडा उच्चारला, एकानेही गाठला नाही. पैसा नाही असे नव्हे. तो कोणासाठी आहे हे ठरलेले आहे, आणि ते ठरवणारे कापडाची गाठ उचलणारे नाहीत.

काय करावयाचे?

मागण्या स्पष्ट असाव्यात. नववी ते बारावीच्या प्रत्येक शाळेत ग्रंथालय ही कायद्याची सक्ती व्हावी. प्रत्येक उच्च माध्यमिक शाळेत प्रशिक्षित, पूर्णवेळ व कायम ग्रंथपाल असावा. कंत्राटी किंवा अर्धवेळ नेमणूक हे त्याचे उत्तर नव्हे. आठवड्याच्या वेळापत्रकात ग्रंथालयाचा तास असावा आणि तो गणिताच्या राहिलेल्या भागासाठी काढून घेतला जाऊ नये. शाळा सुटल्यानंतर दोन तास, तसेच परीक्षेपूर्वीच्या सुट्टीत ग्रंथालय उघडे राहावे. पुस्तकांची वाजवी हानी नियमानुसार माफ व्हावी. ग्रंथखरेदीची यादी वरून लादली जाऊ नये. शिक्षक व विद्यार्थी यांनी ती सुचवावी, आणि तिच्यात हिंदी, छत्तीसगढी, मराठी, इंग्रजी अशा मुलांच्या सर्व भाषांना स्थान असावे.

याखेरीज प्रत्येक ग्रंथालयात महाविद्यालयाच्या तयारीची एक वेगळी मांडणी असावी. पदवीच्या पहिल्या वर्षाची मुख्य पुस्तके, द्विभाषिक व पारिभाषिक कोश, मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, जवळच्या महाविद्यालयांची माहितीपत्रके, शिष्यवृत्तींच्या अटी व तारखा. ज्या घरातून याआधी कोणी महाविद्यालयात गेले नाही त्या घरातील मुलीला विद्यापीठ कशाला म्हणतात, विषय कसे निवडतात, वसतिगृह कोठे मिळते हे सांगणारा मामा-काका नसतो. तिचा मामा ती मांडणी होय.

मागणी करून हात बांधून बसणे ही चळवळीची रीत नव्हे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. हे हत्यार म्यानात गंजत पडले आहे. पंडरीतील हमाल, शिंपी, घरकाम करणाऱ्या बाया जेथे पालक म्हणून समितीत आहेत तेथे त्यांनी पुढच्याच बैठकीत तीन प्रश्न विचारावेत. ग्रंथालयाचे अनुदान किती आले व त्यातून कोणती पुस्तके घेतली? दाखल-नोंदवहीत पुस्तके किती, आणि गेल्या महिन्यात मुलांच्या हाती त्यांपैकी किती गेली? कपाटाची किल्ली कोणाकडे आहे? उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. अक्षर न येणाऱ्या आईलाही हे प्रश्न विचारता येतात, आणि तिने विचारले तर त्यांचे वजन अधिक असते.

कामगार वर्गाला हे साधणार नाही असे मानणाऱ्यांनी दल्ली-राजहराकडे पाहावे. तेथील खाणकामगारांनी १९८३ मध्ये स्वतःच्या वर्गणीवर व श्रमावर शहीद रुग्णालय उभे केले. ज्या हातांनी रुग्णालय उभारले त्या हातांना ग्रंथालय अवघड नाही. मात्र तसे करताना शासनाला जबाबदारीतून मोकळे सोडता कामा नये. वर्गणीचे वाचनालय लढ्याची सुरुवात करते. तो पुरा होतो शाळेतील हक्काच्या ग्रंथालयाने.

कोल्हापुरात गरिबीत शिकणाऱ्या, वर्तमानपत्रे विकून पोट भरणाऱ्या एका तरुणाला रिपब्लिक बुक स्टॉल या छोट्या दुकानात पुस्तके वाचायला मिळाली, आणि त्या वाचनातून कॉम्रेड गोविंद पानसरे घडले. पुढे वकील, कामगारनेता व लेखक झालेल्या या माणसाला २०१५ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. ज्यांनी गोळ्या घातल्या त्यांना पुस्तकाची ताकद ठाऊक होती. ती ताकद कष्टकऱ्यांनीही तितक्याच नेमकेपणाने ओळखली पाहिजे. प्रश्न विचारणारा, दोन मते तोलून पाहणारा, छापील शब्दापुढे न वाकणारा तरुण शाळेच्या ग्रंथालयात घडतो. महाविद्यालयाला असाच विद्यार्थी हवा असतो, आणि लोकशाहीला असाच नागरिक.

म्हणून ही मागणी वेतनाच्या, रेशनच्या, घराच्या मागणीहून दुय्यम नाही; ती त्यांच्याच पंक्तीत बसते. शाळा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक वस्तीत पालकांची बैठक व्हावी, प्रत्येक शाळेतील ग्रंथालयाची पाहणी व्हावी, आणि जे आढळेल ते लेखी स्वरूपात शिक्षणाधिकाऱ्यासमोर ठेवले जावे. कपाट कोणाच्या पैशाने भरले आहे हे ज्यांना कळले, ते त्याची किल्ली मागितल्यावाचून राहणार नाहीत.